बर्फावरची फुली

आमच्याकडे दूध आधी नाकाने घेतात आणि मग मशीनने. कॅनचं झाकण उघडलं की पहिला वाफारा नाकात घ्यायचा, मग नमुना काढायचा. मशीन फॅट सांगतं, पाणी किती घातलंय तेही सांगतं. पण दूध आंबायला लागलंय का, गाईने कांद्याची पात खाल्लीय का, कॅनला रॉकेलचा हात लागलाय का, हे आमचं मशीन सांगत नाही. ते नाकाचं काम. वडगाव निंबाळकरच्या पुढे आमची वस्ती आहे, वस्तीवर आमचं दूध संकलन केंद्र आहे, आणि लग्न होऊन आले तेव्हापासून त्या केंद्राचं नाक मी होते. माझे सासरे, म्हणजे आबा, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या सूनबाईचं नाक म्हंजे लॅबुरेटरी हाय." मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलायचं?

माझं नाक गेलं असं म्हटलं की लोक हसतात, कारण मराठीत नाक जायला काहीतरी बेअब्रूचं करावं लागतं. मी काहीच केलं नव्हतं. मला फक्त सर्दी झाली होती. सर्दी औषध घेतलं तर सात दिवसांत जाते आणि नाही घेतलं तर आठवड्यात, हा आबांचा जुना विनोद. माझी सर्दी वर्ष सरलं तरी गेली नाही आणि तो विनोद आबांनी आपणहून बंद केला. आधी एक नाकपुडी बंद असायची, मग दोन्ही. डोळ्यांच्या मागे दगड ठेवल्यासारखं जड. रात्रभर तोंडाने श्वास, सकाळी घशाला कोरड. आणि एके दिवशी भाजी करपली, घरभर धूर झाला, आणि चुलीसमोर मीच बसलेली होते. धूर डोळ्यांना लागला तेव्हा कळलं. नाकाला पत्ताच नव्हता.

उपाय सगळ्यांनी सांगितले. ओव्याची पुरचुंडी झाली, गाईचं तूप झालं, निलगिरीची वाफ झाली. शेजारणीने ठामपणे सांगितलं, "नाकाचं हाड वाढलंय." आमच्याकडे नाकाचं काहीही झालं की हाडच वाढतं. बारामतीच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टर बाईंनी आत दुर्बीण घालून समोरच्या पडद्यावर दाखवलं. हाड नव्हतं. ओल्या, पांढुरक्या, मऊ गाठी होत्या, सोललेल्या द्राक्षांसारख्या, एकीला एक लागून. त्यांनी ऑपरेशन करून त्या काढल्या. काही दिवस मी परत माणसात आले. मग गाठी परत आल्या. परत काढल्या, परत आल्या. ऊस तुटला की खोडवा फुटतो, तसा माझ्या नाकात खोडवा फुटत होता. मध्येमध्ये डॉक्टर बाई सूज उतरवायच्या गोळ्या द्यायच्या. गोळ्या चालू असेपर्यंत वास यायचा, बंद झाल्या की जायचा, आणि तोंड मात्र पुरीसारखं फुगून राहायचं. "या गोळ्या कायम देता येत नाहीत," त्या म्हणायच्या. दमाही हळूहळू सोबतीला आला.

खरा फटका बसला एका उन्हाळ्यात. सकाळची घाई होती, मालक, म्हणजे माझे यजमान, टँकरवाल्याशी बोलत होते, आणि मी एक कॅन घेतला. झाकण उघडलं, वाफारा घेतला, काही वाटलं नाही. वाटणार कुठून? सवयीने मान हलवली आणि ओतून टाकला. ते दूध आंबलेलं होतं. एका कॅनने सगळ्या टाकीचं दूध गेलं. टँकर परत आला तो भरलेलाच. वस्तीतल्या प्रत्येकाच्या गोठ्यातलं दूध आम्ही ओढ्याला सोडलं. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. बायका माझ्याकडे न बघता रिकामे कॅन घेऊन गेल्या आणि मी गोठ्यात जाऊन रडले. रडताना नाक आणखी बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "मी वास घेतो, तू मशीन बघ," म्हणाले. आबांची जन्माची तपकीर. बोलता बोलता चिमूट नाकात जायची, धोतराच्या सोग्याला तिचे डाग असायचे. त्या दिवशी त्यांनी तपकीर सोडली. सासूबाई जिवंत असताना अर्धा जन्म त्यांच्या मागे लागल्या होत्या, तेव्हा सुटली नव्हती. "तपकिरीनं वास मरतो," एवढंच म्हणाले. पहिले काही दिवस त्यांची चिडचिड व्हायची, रिकामी चिमूट नाकाकडे जायची आणि मध्येच खाली यायची. सून म्हणून घरात आले तेव्हा या माणसाने मला फारसं हाक मारून बोलावलंही नव्हतं. आता तो माझं नाक होऊन दोन्ही वेळेला उभा राहत होता.

तर त्या इंजेक्शनची गोष्ट अशी सुरू झाली. तिसऱ्या ऑपरेशनची बोलणी चालू असताना डॉक्टर बाई म्हणाल्या, "कापून किती वेळा काढणार? तुमच्या शरीरात एक चुकीची दवंडी पिटली जातेय. शत्रू आला, शत्रू आला. म्हणून आत सूज येते, सुजेतून गाठी येतात. गाठी काढल्या तरी दवंडी चालूच राहते. आता एक औषध आहे, बायोलॉजिक म्हणतात. ते दवंडी देणाऱ्याचंच तोंड धरतं."

मी विचारलं, "किती दिवस घ्यायचं?"

"घ्याल तोवर गुण राहील. पंधरा दिवसांनी एक, कातडीखाली."

"आणि लागू पडलं न्हाय तर?"

"काहींना पडत नाही," त्या म्हणाल्या. "काही महिने घेतल्याशिवाय सांगता येत नाही."

किंमत ऐकून मालकांनी खिडकीबाहेर बघितलं. विमावाल्याने सांगितलं की पेशंट ॲडमिट असेल तर बघू. आणि हे इंजेक्शन तर उभ्या उभ्या घेऊन घरी जायचं होतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो असा. मी म्हणाले, नको. पुढच्या बाजारी आबांनी आमची सगळ्यात चांगली दुभती गाय नेली आणि रिकामा दोर घेऊन आले. "दुधाच्या केंद्राला नाक लागतं. गाय काय, परत व्हईल," म्हणाले.

पहिली दोन इंजेक्शनं बारामतीला दवाखान्यातच घेतली. सोबत थोडे दिवस त्या सुजेच्या गोळ्याही होत्या. त्या गोळ्या संपल्या, एकदोन आठवडे गेले, आणि मी भावाच्या नव्या घराच्या परित्राणपाठाला, म्हणजे भन्तेजी येऊन सुत्तं म्हणतात त्या कार्यक्रमाला, इंदापूरला निघाले. वाटेत एका साखर कारखान्याजवळून एसटी जाते. हंगाम संपत आला होता. मळीचा तो भपका आला की गाडीतले सगळे पटापट खिडक्या लावतात, बायका पदर नाकाला लावतात, एखादा तरी म्हणतोच, "काय ह्यो वास!" त्या दिवशीही म्हणाला. आणि मी ऐकण्याआधीच तो वास मला आला होता. गोड, कुजका, डोक्यात जाणारा. मी खिडकी उघडली. शेजारची बाई वैतागली, "अवो बाई, लावा की ती!" मी हसत होते आणि रडत होते. तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी वेडीच आहे. इंदापुरात भावाच्या घरी नव्या रंगाचा वास होता, उदबत्तीचा होता, आईच्या लुगड्याला तिचा स्वतःचा होता. मी आईला इतकं हुंगलं की ती म्हणाली, "अगं, मी काय फणस हाय का?"

घरी येऊन आबांना सांगितलं. त्यांनी एक कॅन उघडून माझ्यासमोर धरला. मी म्हणाले, "मेथीघास खाल्लाय गाईनं." तो माणूस रांगेतच उभा होता, त्याने हो म्हटलं. आबांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि वर म्हणाले, "घाम आला."

पुढची इंजेक्शनं घरी घ्यायची ठरलं. दर पंधरा दिवसांनी सकाळचं दूध सोडून बारामती गाठायची म्हणजे दोघांचा दिवस मोडायचा. डॉक्टर बाईंनी इंजेक्शनचं पेन कसं धरायचं, मांडीत कसं टोचायचं ते शिकवलं. दोन महिन्यांचा साठा बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्माकोलच्या डब्यातून आणला. त्या म्हणाल्या, "फ्रीजमध्ये ठेवा. घ्यायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवा, म्हणजे दुखणार नाही." मी घरी येऊन आबांना तेच शब्द सांगितले. डबा त्यांनी माझ्या हातातून घेतला. "हे माझ्याकडं," म्हणाले. एवढी महागाची वस्तू, गाय विकून आलेली. ती त्यांच्या हाती जास्त सुरक्षित, असं मलाही वाटलं. ज्या दिवशी इंजेक्शन असे त्या दिवशी सकाळी आबा पेन धोतराच्या कोरड्या सोग्याला पुसून, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून आणायचे. "घे," म्हणायचे, आणि मी टोचून घेईपर्यंत दाराकडे तोंड करून उभे राहायचे.

तिसरं घेतलं, चौथं घेतलं. पाचव्याच्या सुमाराला मला दूध फिकं लागायला लागलं. मी स्वतःला समजावलं की वळवाचा पाऊस आहे, हवा कुंद आहे. मग एक दिवस उदबत्ती लावली आणि धूर दिसला, वास नाही. उदबत्ती इतकी जवळ नेली की नाकाला चटका बसला. तरी वास नाही. आबांना सांगायची हिंमत नव्हती, पण ते रोज शेजारी उभे असायचे, त्यांना काय सांगावं लागतं? एक दिवस ते परत कॅनच्या तोंडाशी आले आणि मी मशीनकडे सरकले.

साठा संपला तशी डॉक्टर बाईंकडे गेलो. दुर्बिणीत गाठी परत दिसल्या. त्यांनी विचारलं, "एकही डोस चुकला नाही ना? फ्रीजमध्येच होतं ना?" मी खरंच सांगितलं, हो. त्या बराच वेळ कागद बघत राहिल्या. मग म्हणाल्या की सुरुवातीला जो वास आला तो बहुतेक त्या गोळ्यांचा उरलेला परिणाम असावा. हे औषध तुमच्या शरीराला लागू पडत नाही. बंद करू या.

मला भांडायचं होतं. त्यांच्याशी नाही, कुणाशीतरी. माझा स्वभाव तसा तिखट आहे; दुधात पाणी घालणाऱ्याला मी चारचौघांत पाणी पाजते. पण इथे भांडायचं कुणाशी? औषध खरं होतं, डॉक्टर चांगल्या होत्या, गाय गेली होती, आणि शरीर माझंच होतं. येताना मालकांनी गाडी थांबवून उसाचा रस घेतला. मी प्यायले. नुसतं गार आणि गोड होतं, रसासारखं काहीच नव्हतं. आबांना सांगितलं तेव्हा ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, "मी त्याला तान्ह्या लेकरावानी जपलं गं." मला त्या वाक्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

केंद्रामागच्या शेडमध्ये खव्याचा डीप फ्रीजर आहे. जास्तीच्या दुधाचा खवा आबा स्वतः आटवतात आणि सणासुदीपर्यंत, लग्नसराईपर्यंत त्यात साठवतात. ते खातं पूर्ण त्यांचं, आम्ही कुणी त्यात हात घालत नाही. दिवाळीच्या आधी खवा सगळा गेला, फ्रीजर रिकामा झाला, आणि आबांची कंबर धरली म्हणून तो धुवायला मी गेले. स्विच बंद करून बर्फ वितळू दिला. कडेला जाड थर होता, त्यातून एक रंगीत कागद सुटून आला. त्या इंजेक्शनच्या खोक्याचा तुकडा. औषधाचं नाव, त्याखाली इंग्रजी ओळ, आणि शेजारी चित्र: बर्फाची चांदणी, आणि तिच्यावर मारलेली फुली.

मी तो ओला कागद घेऊन आबांकडे गेले. मला अजूनही वाटत होतं की दुसरंच काहीतरी कारण असेल. विचारलं, "आबा, हे तिथं कसं?"

ते अंथरुणात उठून बसले. त्यांना आनंद झाला, कुणी विचारलं म्हणून. "तिथंच तर ठिवत हुतो. तू फ्रीज म्हनलीस. आता घरातल्या फ्रीजला गुरुवारी लाइट नसती. मोठ्या फ्रीजला जनरेटर हाय, त्यो कवाच बंद पडत न्हाय. आन् खोक्यावर तर सरळ लिवलंय."

"काय लिवलंय?"

त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "ही बघ. बर्फाचं चिन्ह, आन् त्याच्यावर फुली."

आबांनी उभी हयात कारखान्याच्या, सोसायटीच्या, दूध संघाच्या निवडणुका केल्या. पॅनेलचे पोलिंग एजंट म्हणून ते मतदान केंद्रावर बसायचे. निवडणुकीआधी वस्तीवस्तीवर नमुन्याची पत्रिका घेऊन म्हाताऱ्या माणसांना शिकवायचे: आपलं चिन्ह हे, ह्याच्यावर फुली मारायची, दुसऱ्या कशावर न्हाय. जिथे फुली, तिथे मत. इंग्रजी त्यांना येत नाही. पण चिन्ह आणि फुली त्यांना सगळ्या तालुक्यापेक्षा जास्त कळतं. खोक्यावर चिन्ह होतं आणि फुली होती. त्यांनी बर्फाला मत दिलं.

"आदल्या रात्रीच काढून ठिवायचो," ते सांगत होते. "सकाळपतुर मऊ व्हायचं. मग तुला द्यायचो."

मी म्हणाले, "व्हय आबा. लई जपलंत." बाहेर येऊन तो कागद मी चुलीत घातला, आणि मग तिथेच खाली बसले. राग आला होता. प्रचंड राग आला होता, आणि तो ठेवायला घरात एकही जागा नव्हती. आबांवर ठेवला तर तो मावत नव्हता. ज्याने तपकीर सोडली, गाय विकली, त्याच्यावर कुठे ठेवणार? स्वतःवर ठेवला तर मी काय चुकले होते? फ्रीज म्हणाले होते. फ्रीजच सांगितलं होतं.

डॉक्टर बाईंना फोन केला. "एकदा गोठलं की ते औषध राहतच नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही नुसतं पाणी टोचून घेत होतात म्हणा. म्हणजे ते लागू पडत नाही हे माझं म्हणणं चुकीचं ठरलं. पहिल्या दोनांचाच गुण आला होता." त्यांच्या आवाजात आनंद होता. मला मात्र दोन गोष्टी एकदम दिसल्या. औषध मला लागू होतं. आणि ते परत घेऊन वास आला, तर आबांना कळणार की आधीचं का गेलं.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "आबांना न्हाय सांगायचं. मरतील ते." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण इंजेक्शन तू घेच." डॉक्टर बाईंनी कंपनीकडे शब्द टाकून काही डोस मिळवले, बाकीचं आम्ही दोघांनी जमवलं. ते सगळे त्यांच्याच दवाखान्याच्या फ्रीजमध्ये राहिले. आबांना आम्ही सांगितलं की दम्याच्या तपासणीला जातो. मी दर पंधरा दिवसांनी बारामतीला जाऊन मांडी पुढे करायचे आणि घरी येऊन सर्दी झाल्यासारखं नाक ओढायचे.

आणि वास आला. थंडी संपता संपता, आधी एका नाकपुडीतून, मग दोन्ही. यावेळी ना खिडकी उघडली ना रडले. सकाळी शेणाचा, वैरणीचा, गरम दुधाचा वास येत होता आणि मी चेहरा कोरा ठेवून मशीनपाशी बसत होते. जन्मभराचं बक्षीस मिळावं आणि ते पदराखाली लपवून फिरावं लागावं, तसं झालं. मालकांनाही मी दोन दिवस सांगितलं नाही. खुशी सांगायला तोंड उघडलं की शेवट कुठे जातो ते माहीत होतं.

आणि रोज मला दिसायला लागलं की आबांचं नाक आता काम करत नाही. वय झालं होतं, आणि जन्माची तपकीर दोन वर्षांत थोडीच धुऊन जाते? ते झाकण उघडायचे, मोठ्या श्रद्धेने वाफारा घ्यायचे आणि म्हणायचे, "चांगलं हाय." बहुतेक वेळा ते चांगलंच असायचं, म्हणून निभत होतं. शंकेचा कॅन आला की मी काहीतरी काढायचे. फडकं घाण आहे, परत गाळून आणा. झाकणाला गंज आहे, आज राहू द्या. बायका कुरकुरायच्या, "लईच नाकानं कांदं सोलाय लागलीस गं तू." मी ऐकून घ्यायचे. असं किती दिवस चालणार हे मला माहीत नव्हतं. फक्त रोजची सकाळ पार पडावी एवढंच बघत होते.

उन्हाळा लागला. एका सकाळी मी नमुन्याच्या बाटल्या धूत होते, आणि मागे आबांनी एक कॅन घेऊन झाकणही उघडलं होतं. आंबटाचा वास मला चार पावलांवरून आला. मी वळले तेव्हा ते म्हणत होते, "चांगलं हाय, वत." आणि त्या माणसाने कॅन टाकीच्या तोंडावर तिरका केलेला. निमित्त काढायला वेळ नव्हता. फडकं नव्हतं, झाकण नव्हतं. आत सगळ्या वस्तीचं दूध होतं.

"वतू नका!" मी ओरडले. "आंबलंय ते."

तो माणूस थांबला. आबांनी परत कॅनमध्ये नाक घातलं. बराच वेळ तसेच वाकून होते. मग वर बघून म्हणाले, "मला न्हाय आला." आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. "तुला आला? तितनं? पोरी, तुला वास आला?" त्यांनी माझे दोन्ही ओले हात धरले. रांगेतल्या बायकांना हाका मारून सांगितलं, "आवो, आमच्या सुनंला वास आला! ऐकलं का?" बायका हसल्या. मीही हसले. तेवढा एक क्षण मला वाटलं की सुटलो.

मग त्यांनी विचारलं, "कशानं आला गं?"

मी मालकांकडे बघितलं. ते खाली बघत होते. उत्तर मी कधीच तयार करून ठेवलं होतं: डॉक्टर म्हणाल्या, काहींना आपोआप येतो. पण आबा इतक्या जवळ उभे होते, इतके खुश होते, की खोटं घशातून वर आलंच नाही. "तेच इंजेक्शन, आबा. परत घेतलं."

"तेच? आपण घेतलं तेच?"

"व्हय."

"कुठं घेतलं? घरी तर न्हाय आणलं."

"दवाखान्यात. तितल्या फ्रीजात असतं."

ते "बरं, बरं" म्हणाले. माझे हात अजून त्यांच्या हातात होते. चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, तसंच राहिलं, आणि त्याच्या आत डोळे हळूहळू कुठेतरी मागे गेले. त्यांनी विचारलं, "मग माझ्याजवळ असताना का न्हाय लागू पडलं?"

"उशिरा लागू पडतं कुणाकुणाला," मी म्हणाले. आता मात्र खोटं लगेच आलं, आणि कुणालाही कळलं असतं की ते खोटं आहे.

आबा अगदी हळू, रांगेला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "बर्फ नगो हुता व्हय त्याला?"

मी आमच्या ओल्या हातांकडे बघत राहिले. त्यांनी माझे हात सोडले. पुढच्या बाईचा कॅन घेतला, झाकण काढलं, आणि स्वतः न वाकता तो माझ्या नाकापुढे धरला. तसाच पुढचा. सगळी रांग संपेपर्यंत ते कॅन उचलून माझ्यापुढे धरत राहिले, आणि मी चांगलं आहे, चांगलं आहे म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले तर डीप फ्रीजर उघडा होता. आतला खवा आबांनी पहाटेच कुणाला तरी देऊन टाकला होता, स्विच काढला होता, आतून कोरडं पुसून घेतलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "जुना झाला गं त्यो. इकून टाकू." त्यात काहीही बिघडलेलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.